तळ सांभाळला की टाकी सांभाळली

नवी मत्स्यपेटी घेतली की गप्पी, मॉली, टेट्रा यांच्या पिशवीत दुकानदार एखाद-दुसरा मांजरमासाही घालून देतो. "तळाचा कचरा हा खातो, टाकी साफ राहते," एवढंच त्याच्याबद्दल सांगितलं जातं. मी प्राणिशास्त्र शिकवते, घरी टाक्या सांभाळते आणि नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या हौशी मंडळींच्या टाक्या बघायला जाते. मांजरमासे मरतात ते बहुतेक वेळा या एका समजुतीने. मांजरमासा इतरांची विष्ठा खात नाही. तरंगणारं खाद्य वरचे मासे फस्त करतात आणि तळाशी उरलेल्या कुजक्यावर त्याला जगवलं जातं, म्हणजे हळूहळू उपाशी मारलं जातं. माझं सांगणं नेमकं उलट आहे. टाकी मांजरमाशासाठी, तळापासून वर रचत न्यावी. तो सुखात असला की वरचे आपोआप सुखात राहतात.

मांजरमासा म्हटलं की आपल्या जिल्ह्यात आठवतो तो तापीचा. प्रकाशा, सारंगखेड्याच्या बाजूला मिळणारा शिवडा किंवा शिंगाळा ताटात हवाहवासा असला तरी टाकीत चालणारा नाही. शिवडा मीटरभराहून मोठा होतो आणि पक्का शिकारी आहे. अंगावर पट्टे असलेला छोटा टेंगरा लहानपणी देखणा दिसतो, पण रात्री दिवा मालवला की तोंडात मावेल तो टेट्रा गिळतो. सगळ्यांबरोबर गुण्यागोविंदाने नांदणारा छोटा मांजरमासा हवा असेल, तर दक्षिण अमेरिकेतला कोरीडोरास घ्यावा. दुकानात त्याला नुसतं 'कोरी' म्हणतात. दोन-अडीच इंचांचा जीव, अंगावर खवल्यांऐवजी हाडासारख्या कठीण पट्ट्यांच्या दोन रांगा, तोंडापाशी मऊ मिशा. 2024 साली शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या मोठ्या प्रजातीची अनेक प्रजातींत फेरमांडणी केली, त्यामुळे नव्या पुस्तकांत यातल्या बऱ्याच माशांची नावं वेगळी दिसतील. दुकानातलं नाव मात्र कोरीच आहे.

कोणता कोरी घ्यायचा, हे आपल्याकडे ऊन ठरवतं. ठिपक्याठिपक्यांचा 'पेपर्ड' कोरी चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि 1842 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. हा थंड पाण्यातला मासा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो तिथे त्याला आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. छोटासा पांडा कोरीही थंडाव्यातच रमतो. 'ब्राँझ' कोरी काटक आहे आणि 27-28 अंशांपर्यंत ठीक राहतो. ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरचा 'स्टर्बाय' कोरी 24 ते 28 अंशांत मजेत असतो. नंदुरबारकरांनी आधी स्टर्बाय शोधावा, नाहीतर ब्राँझ घ्यावा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे सुरतचा बाजार आपल्याला मुंबईपेक्षा जवळचा आहे. प्रवास जितका छोटा, तितके मासे धडधाकट घरी पोचतात.

आता मुख्य शत्रूकडे येऊ. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना सातच्याही खाली येतो. त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. त्यात आपल्याकडचं बरंचसं बोअरचं पाणी जड, सामू (पीएच) आठच्या आसपास. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि त्यातला विषारी भाग सामू चढला की वाढतो. 25 अंशांना सामू 7 असेल तर तो भाग जेमतेम अर्धा टक्का, सामू 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. उष्णतेने त्यात आणखी भर पडते. म्हणून उन्हाळ्यात मासे वाढवू नयेत, खाद्य कमी करावं आणि पाणी दर आठवड्याला पाव हिस्सा बदलावं.

गारव्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाकावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही युक्ती इथे चांगली चालते. फक्त उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार खालीच साचतात. वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करावा. बंद डब्याचा फिल्टर तासन्‌तास बंद राहिला की आतले उपयोगी जिवाणू गुदमरतात. साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप ही आपल्या भागासाठी उत्तम जोडी आहे.

प्राणवायू पुरतो की नाही, हे कोरी स्वतः सांगतो. तो मध्येच सुसाट वर येतो, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळ गाठतो. ही हवा तो आतड्याच्या मागच्या भागातून शोषतो. अधूनमधून असं करणं हा त्याचा स्वभाव आहे. पण सगळा थवा पुन्हापुन्हा वर झेपावू लागला, तर पाण्यात काहीतरी बिघडलंय असं समजावं.

टाकी उंच नको, लांब हवी. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटीत शंभर लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यात सहा कोरी आणि दहा-बारा छोटे टेट्रा सुखाने राहतात. कोरी एकटा ठेवू नये, तो थव्यात जगणारा आहे. गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न यांच्या सोबतीला तर कधीच नको. तळाला रंगीत, टोकदार खडी घालू नका. कोरी वाळूत तोंड खुपसून अन्न शोधतो, वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खडीने आणि साचलेल्या घाणीने त्याच्या मिशा झिजतात. बांधकामाच्या दुकानातून नदीची बारीक वाळू घ्यावी, चाळावी, पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून बघावं. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको. दीड इंचाचा थर पुरतो. रात्री दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्यात, म्हणजे त्याचा वाटा त्यालाच मिळतो. पकडताना जाळीऐवजी वाटी वापरावी, कारण त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि आपल्या बोटालाही चांगलेच झोंबतात.

पावसाळा हा या माशाच्या विणीचा ऋतू. त्याच्या मूळ प्रदेशात पावसाने नदी गार झाली की वीण सुरू होते. आपल्याकडे पहिल्या सरींनंतर थोडं पाणी बदलून गार पाणी घातलं, की चांगल्या पोसलेल्या माद्या काचेवर अंडी चिकटवू लागतात. ब्राँझ कोरीबद्दल जपानी संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिलं, की मादी नराचं वीर्य तोंडाने घेते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पुढे जातं आणि पोटाखालच्या परांत धरलेल्या अंड्यांपर्यंत पोचतं. असा प्रकार आपल्या बैठकीच्या खोलीत घडतो, याचं मला आजही नवल वाटतं.

एक कळकळीची विनंती. कंटाळा आला म्हणून किंवा दया आली म्हणून कुठलाही टाकीतला मासा तापीत, तोरणमाळच्या यशवंत तलावात किंवा गावतळ्यात सोडू नका. 'टाकी साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा दीड फुटांचा होतो, काठ पोखरतो. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत त्याने ठाण मांडलं आहे. आफ्रिकन मांगूर या मांजरमाशाच्या धोक्यामुळे राष्ट्रीय हरित लवादाला महाराष्ट्रातल्या त्याच्या पालनाविरुद्ध आदेश द्यावा लागला. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या आहेत. त्यांची रोजीरोटी तिथल्या माशांवर चालते. आपल्या हौसेची झळ तिथवर पोचता कामा नये. मासा नको असेल तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा.

या दिवाळीत टाकी घ्यायचीच असेल, तर खरेदीचा क्रम उलटा करा. आधी वाळू, मग स्पंज फिल्टर, मग थोडी पाणवनस्पती. पाणी भरून महिनाभर फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू रुजतील. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याची चाचणी झाली की टेट्रा आणा. ते रुळल्यावर शेवटी सहा कोरी. तोवर ऐन थंडी आली असेल. सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री पाणी फार उतरतं, तेव्हा हीटर 25 अंशांवर लावा. मे महिना येईपर्यंत तुमची टाकी उन्हाला तोंड द्यायला तयार झालेली असेल.