परार्धाला एक घर कमी

१२३४५६७८९८७६५४३२१. वाचकहो, ही छपाईतली चूक नव्हे. आपल्या जुन्या कोष्टकातल्या परार्धाला एकच घर कमी, एवढी ही संख्या मोठी. स्वभावाने मात्र अगदी गरीब. एकाचा आकडा ओळीने नऊ वेळा लिहावा, त्या संख्येला तिनेच गुणावे, की ही दारात हजर!

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या घराण्याला ‘डेम्लो’ हे नाव दिले. डोंबिवली स्टेशनाचे ते जुने नाव. कल्पना तिथे सुचली, म्हणून मान स्टेशनाला! जग त्यांना ६१७४ या संख्येसाठी ओळखते. माझी लाडकी मात्र ही.

उन्हाळ्यात कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला बहिणीकडे गेलो होतो. भाची नववीत गणितात नापास झाली होती. “बास झालं शिक्षण,” असे दाजींनी जाहीर केले होते आणि पोरीनेही मान डोलावली होती. तिचे ते मान डोलावणे मला फार लागले.

दुकानातल्या पावतीच्या पाठीवर मी नऊ वेळा एक लिहून दिला. “गुण.”

“मामा, मोबाइल आहे की!”

मोबाइलने पहिले काही अंक दाखवले आणि उरलेले गिळले. मग हातानेच करणे आले. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना एकदाही हातचा आला नाही. “अगं बाई, जिना झाला!” ती म्हणाली. अंकांची बेरीज केली, ८१. त्या ८१ ने संख्येला भागले, बाकी शून्य! अशा संख्येला कापरेकर ‘हर्षद’ म्हणत, हर्ष देणारी.

दाजी डोकावले. “याला बाजारात भाव काय?”

प्रश्न जुनाच. कापरेकरांच्या कामाला इथल्या पुष्कळ पंडितांनी पोरखेळच मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाने वळून पाहिले. मी हे दाजींना सांगणार, तोच भाची म्हणाली, “दहा वेळा एक घेतला तर?”

आणि उत्तराची वाट न पाहता ती मांडायला बसली. आले १२३४५६७९००९८७६५४३२१.

“चढताना आठ नाही!” ती ओरडली. “मामा, आठ कुठं गेला?”

मी गप्प राहिलो. दाजीच खाली टेकले. हिशेबात आकडा हरवलेला त्यांना खपत नाही. बापलेकींनी बोटाने रकाने तपासले. शेवटी तीच म्हणाली, “मधल्या घरात दहा झाले. शून्य मांडलं, हातचा एक. पुढच्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला, नि आठाचा नऊ झाला!”

फेरपरीक्षेला पंधरा दिवस होते. दाजींनी दुसरी पावती फाडली, पालथी केली आणि तिच्यापुढे सरकवली.

“अकरा वेळा मांड बरं.”