शेजारच्याचा हायड्रोजन

बोलोन्यात जाकोमो चामिचान आणि पॉल झिल्बर रसायनं भरलेली काचेची भांडी उन्हात ठेवून वाट बघायचे. १९०१ साली त्यांनी नोंदवलं, की ऑर्थो-नायट्रोबेन्झाल्डिहाइडचं उन्हात नायट्रोसोबेन्झोइक आम्ल होतं. बाहेरून काही आलं नाही, काही गेलं नाही. रेणूच्या आतल्या आत अदलाबदल झाली.

अशा रेणूंमध्ये प्रकाश पडताच नायट्रो गटाचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. त्यातून मधेच जे तयार होतं, ते बरेचदा सेकंदाच्या हजाराव्या भागातच संपतं. ते बाटलीत भरून ठेवता येत नाही. नॉरिश आणि पोर्टर यांनी युक्ती काढली: प्रखर झोत मारायचा आणि लगेच दुसऱ्या झोताच्या उजेडात काय दिसतं ते टिपायचं. १९६७च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून शिकवत आले. घरात ते आईच्या रक्तदाबाच्या गोळीत होतं. निफेडिपिनमध्येही नायट्रो गट आणि शेजारी हायड्रोजन अशीच मांडणी आहे. उजेडात नायट्रोचा नायट्रोसो होतो, पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि रक्तवाहिन्या सैल करण्याचा गुणही जातो. म्हणून ती अॅल्युमिनियमच्या पाकिटात येते.

आईची बोटं संधिवातानं आखडलेली. पाकीट फाटत नाही, म्हणून ती आठवड्याच्या गोळ्या माझ्याकडून सोडवून घ्यायला बघायची. पारदर्शक डबीत, देवघराच्या खिडकीत ठेवायला.

"समोर दिसलं की विसरत नाही गं," ती म्हणायची.

तिचंही खरंच होतं. न घेतलेली गोळी काही बिघडलेल्या गोळीपेक्षा बरी नाही. शेवटी मी पाकिटाचे एकेका गोळीचे तुकडे केले, कडेला फाडायपुरती खाच दिली आणि सात तुकडे स्टीलच्या डबीत घातले. डबी देवासमोर.

हीच खोड दुसरीकडे कामाला लावली आहे. १९७८ साली एटीपीला नायट्रोबेन्झिलचं कुलूप घातलं गेलं; प्रकाशाचा झोत पडला की ते उघडतं आणि हव्या त्या क्षणी एटीपी मोकळं होतं. किती लवकर उघडेल, हे त्या मधल्या अल्पायुषी रूपावर अवलंबून असतं. म्हणून त्याचं आयुष्य मोजायचं.