नाकारलेला चेंडू

काही नकार मला विजयांहून मोठे वाटतात. १९२०च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्डच्या मैदानावर एका तरुणाने असाच एक नकार दिला. केंटकीतल्या डॅनव्हिल या छोट्या गावातलं सेंटर कॉलेज हार्वर्डशी अमेरिकन फुटबॉल खेळायला आलं होतं. मध्यंतराला गुण सारखे होते, १४-१४. पुढे हार्वर्डने जोर लावला आणि सामना ३१-१४ असा जिंकला. खेळ संपल्यावर हार्वर्डचा कर्णधार आर्नल्ड हॉरविन याने सामन्याचा चेंडू सेंटरच्या बो मॅकमिलिनपुढे धरला. पाहुण्यांच्या झुंजीला ती मनापासूनची दाद होती. मॅकमिलिनने चेंडू घेतला नाही. पुढच्या वर्षी येऊ आणि जिंकून नेऊ, असं सांगून तो रिकाम्या हातांनी परतला.

त्या रिकाम्या हातांचा मी पुष्कळदा विचार करते. हार्वर्डची स्थापना १६३६ची. घोड्याच्या नालाच्या आकाराचं त्यांचं काँक्रीटचं स्टेडियम १९०३ मध्ये उभं राहिलं होतं. सेंटर १८१९चं, आणि तिथे शिकणारी मुलं जेमतेम तीनशे. अख्खं कॉलेज प्राध्यापकांसकट त्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं असतं, तरी एक कोपरा भरला नसता. अशा ठिकाणाहून आलेल्या मुलाला थोरांनी दिलेली आठवण सहज पुरली असती. घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवता आली असती. पण ती घेतली की हिशेब तिथेच मिटला असता. मॅकमिलिनने हिशेब उघडा ठेवला.

मॅकमिलिन आणि त्याचे काही सवंगडी मूळचे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे, शाळेपासून एकत्र खेळलेले. प्रशिक्षक चार्ली मोरन हे एरवी बेसबॉलचे पंच. सामन्याआधी हे खेळाडू प्रार्थना करत, म्हणून लोक त्यांना ‘प्रेइंग कर्नल्स’ म्हणू लागले. त्या काळी चढाईला जे गडी, तेच बचावालाही उभे राहत. दमलेल्याला बाहेर बसवून ताजा भिडू आत पाठवायचा, तर तेवढी राखीव फळी हवी. लहान कॉलेजाकडे ती कुठून असणार? तेव्हा वर्षभर जपायचा तो स्वतःचाच दम.

२९ ऑक्टोबर १९२१. १९१९च्या हंगामापासून हार्वर्ड एकही सामना हरलेलं नव्हतं. पूर्वार्धात कुणालाच गुण मिळाला नाही. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात चेंडू मॅकमिलिनच्या हाती आला. समोर ३२ यार्डांचं अंतर आणि अंगावर येणारे प्रतिस्पर्धी. त्यांना चुकवत तो सुटला आणि गोलरेषा ओलांडून गेला. सहा गुण. त्यानंतरच्या किकचा जादा गुण हुकला. मग उरलेला सगळा वेळ त्या सहा गुणांची राखण. हार्वर्ड पुन्हा पुन्हा चालून आलं, सेंटर पुन्हा पुन्हा उभं राहिलं. शेवटी फलकावर ६-० हेच उरलं.

डॅनव्हिलमध्ये मुलांनी हा निकाल रसायनशास्त्राच्या सूत्रासारखा, ‘सी६एच०’ असा भिंतींवर रंगवला. कॉलेजच्या आवारातल्या जुन्या पोस्टाच्या भिंतीवर तो पुढेही जपला गेला. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत शतकाच्या पूर्वार्धातला फुटबॉलमधला सर्वांत धक्कादायक निकाल म्हणून याच सामन्याची निवड झाली.

इथे माझा आनंद अडखळतो. ज्या केंटकीने हा जल्लोष केला, तिथेच १९०४ पासून डे कायदा लागू होता. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांनी एका संस्थेत शिकायला त्याने बंदी घातली होती. केंटकीतलंच बेरिया कॉलेज याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. चेंडू नाकारायचा, तरी आधी तो कुणीतरी पुढे धरावा लागतो. त्या मुलांपुढे कुणी काहीच धरलं नव्हतं. लहानांच्या विजयाची गोष्ट सांगताना, ज्यांना मैदानाच्या दारातही येऊ दिलं नाही त्यांना विसरलं, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

हंगामाचा शेवट पराभवाने झाला. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमध्ये टेक्सास ए अँड एमने सेंटरला २२-१४ असं हरवलं. त्या दिवशी जिंकणाऱ्यांचे खेळाडू जखमी होत गेले, तेव्हा प्रेक्षकांतून किंग गिल नावाचा विद्यार्थी खाली आला आणि गणवेश चढवून कडेला सज्ज उभा राहिला. त्याच्यावर खेळायची वेळ आली नाही. तरीही ‘बारावा गडी’ म्हणून त्याचं कॉलेज आजही त्याचा मान राखतं. सेंटर हरलं त्या मैदानावर दुसऱ्या कुणाची तरी अभिमानाची गोष्ट सुरू झाली.

आज सेंटर खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटात खेळतं. हार्वर्डशी गाठ पडत नाही. त्याचं मला दुःख वाटत नाही. ३२ यार्डांची ती धाव काही क्षणांची होती. तिच्यामागे एक अख्खं वर्ष होतं, आणि ते सुरू झालं नाकारलेल्या चेंडूपासून. कौतुकाने दिलेलं आदराने परत करावं आणि मग त्याच्या लायक होण्यासाठी राबावं, एवढा स्वाभिमान कुठल्याही लहान गावाला, लहान संस्थेला, लहान माणसाला परवडतो. त्यासाठी संधी तेवढी सगळ्यांपुढे धरलेली असायला हवी.