सेब्रेरोच्या चढणीवरील शब्द

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांत सान्तियागो हें ख्रिस्ती यात्रेचें प्राचीन क्षेत्र आहे. फ्रान्सच्या सीमेकडून तेथें जाणारी पायवाट लेओन प्रांत ओलांडून गालीसियांत शिरतांना सेब्रेरोची चढण लागते. पायथ्याच्या एर्रेरियास खेड्यापासून माथ्यावरील सेब्रेरो गांवापर्यंत सुमारें ८ किलोमीटरांत ६०० मीटर चढावें लागतें. या गांवचे पाद्री एलियास वालिन्या यांनीं १९८४ सालीं वाटेवर पिवळे बाण रंगविले. यात्रेकरू आजहि तसल्याच बाणांच्या आधारें चालतात.

थकव्याची वाट चालतांना शक्तीचे शब्द आठवतात, आणि ते प्रसंग पाहूनच योजावे लागतात. आपल्याकडे ‘जोर’, ‘दम’ व ‘हुरूप’ हे जसे एक नव्हेत, तसेंच स्पॅनिशमध्येंहि आहे. ‘एनेर्खिया’ हा मूळ ग्रीक शब्द. तो विजेसहि लागतो आणि अन्नांतून मिळणाऱ्या शक्तीसहि. ‘बितालिदाद’ म्हणजे जीवनाचा टवटवीतपणा. ऐंशीच्या घरांतील हिंडत्याफिरत्या आजोबांस तो शोभतो. ‘बिगोर’ कायद्यासहि चालतो. ‘एन बिगोर’ म्हणजे अंमलांत असलेला. ‘ब्रिओ’ शब्दांत तडफ व ऐट आहे. उमद्या घोड्याच्या चालीस तो साजतो. पाय गळाले तर ‘फुएर्सास’ उरलीं नाहींत असें म्हणावें. तेथें ‘गानास’ नाहींत म्हटलें, तर ऐकणारा समजेल कीं, पुढें जाण्याची इच्छाच नाहीं!

लागुना या शेवटच्या वस्तीजवळ आमच्या सौभाग्यवती एका दगडावर बसल्या. वय साठीपुढचें, गुडघा सुजलेला. येथूनच परतावें काय, हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. इतक्यांत गुरें हांकीत जाणारी एक वृद्धा क्षणभर थांबली, त्यांच्याकडे पाहून ‘आनिमो!’ एवढेंच बोलली, आणि चालूं लागली. सौभाग्यवतींनीं अर्थ विचारला नाहीं. “चला आतां,” म्हणून त्या उठल्या.

‘आनिमो’ हा लॅटिन ‘आनिमुस’ म्हणजे मन, या शब्दापासून आला. त्याचें नातें श्वास घेणें या अर्थाच्या आपल्या ‘अन्’ धातूशीं आहे. ‘प्राण’ व ‘अनिल’ हे त्याच धातूचे. अन्नानें एनेर्खिया येते, विश्रांतीनें फुएर्सास परततात; परंतु खचलेल्यास धीर द्यावयाचा, तर शब्द हाच. त्यानें गुडघ्याची सूज उतरत नाहीं. माणूस मात्र उठतो.

दुपारीं सेब्रेरोचीं गवती छपरांचीं वाटोळीं घरें दिसलीं. खालून एक तरुण जोडपें धापा टाकीत येत होतें. सौभाग्यवतींनीं त्यांस तोच शब्द ऐकविला. उच्चार अगदीं शुद्ध होता.