नव्वद रात्री

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला त्याच्या घरची मंडळी पैशाच्या बाबतीत सहसा काही विचारीत नाहीत. भाजीवाल्याशी घासाघीस करावयाची झाली तर आमच्याकडे पत्नी पुढे होते, आणि मी पिशवी धरून उभा राहतो. त्यामुळे 2023 च्या डिसेंबरात लंडनहून मुलीने जेव्हा विचारले, "बाबा, आमच्या घराचा दर काय ठेवावा, ते तुम्हीच सांगा," तेव्हा मला झालेला आनंद लपविण्याचा मी प्रयत्नही केला नाही.

तिचे घर म्हणजे दोन खोल्या व एक चिंचोळे स्वयंपाकघर. जावयांना कामानिमित्त वर्षभर एडिंबरोस राहणे प्राप्त झाले होते. महिन्यातून सात-आठ दिवस दोघेही लंडनला येत, म्हणून कायमचा भाडेकरू ठेवता येईना. मधल्या दिवसांत घर प्रवाशांना द्यावे असा बेत ठरला. कर्ज देणाऱ्या बँकेची व इमारतीच्या मालकाची संमती मिळाली. उरला तो कायदा. लंडनमध्ये राहते घर असे थोड्या दिवसांसाठी द्यावयाचे तर 1973 च्या कायद्यान्वये नियोजनखात्याची परवानगी लागे. 2015 साली ही अट सैल झाली, पण ती इतकीच की, घराचा नगरपालिका-कर भरणाऱ्याने जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात एकूण 90 रात्रींपर्यंत घर खुशाल द्यावे. एक्क्याण्णवावी रात्र परवानगीवाचून द्यावयाची नाही.

मला या कायद्याचे कौतुक वाटले, आणि त्याला घरगुती कारण आहे. माझे बालपण गिरगावातल्या ज्या खोलीत गेले, ती वडिलांनी पागडी देऊन मिळविली होती. मुंबईच्या 1947 च्या कायद्याने केवळ घरभाड्यांवरच नव्हे, तर हॉटेले व लॉजिंग यांच्या दरांवरही नियंत्रण घातले, आणि जुन्या खोल्यांना 1940 च्या सप्टेंबरातील भाडे हेच प्रमाण मानले. भाडे बांधले गेले, तेव्हा पैसा पागडीच्या रूपाने मागील दाराने येऊ लागला. लंडनकरांनी दराला हातच लावला नाही. त्यांनी रात्री मोजल्या. हेतू हा की, रहिवाशांची घरे एकेक करून प्रवाशांच्या धर्मशाळा होऊ नयेत, जिन्यात रोज नव्या माणसाची पेटी आदळू नये. हेतू उत्तमच! मात्र दर मोकळा सोडून संख्या बांधली, की जो तो आपल्या मोजक्या रात्री महागात महाग विकावयास बघतो, आणि तो कसा, हेच मला सांगावयाचे होते.

घराचा वार्षिक खर्च होता 19,800 पौंड. मुलीने त्यास 365 ने भागून रात्रीचे सुमारे 54 पौंड काढले होते. जावयांनी 90 ने भागून 220. मी दोघांनाही नापास केले. झालेला खर्च आता काही केल्या टळत नाही. पाहुणा आपल्या खर्चाकडे बघून नव्हे, शेजारच्या घराच्या दराकडे बघून पैसे देतो. आपल्यापाशी नव्वदच रात्री आहेत. फेब्रुवारीतली एक रात्र दिली की तिच्यावरचा खरा खर्च म्हणजे जुलैतली जी रात्र आपण त्यामुळे विकू शकणार नाही, तिचे मोल. विंबल्डनच्या टेनिसचे दिवस, शाळांच्या सुट्या, नाताळ, यांच्यासाठी रात्री राखून ठेवावयाच्या. शिवाय प्रत्येक पाहुणा गेल्यावर साफसफाईचे 60 पौंड. दोन रात्रींचा पाहुणा 120 च्या दराने आला तर हाती रात्रीमागे 90 उरतात; सहा रात्रींचा 110 ने आला तरी 100 उरतात. तेव्हा स्वस्तात राहणारा, पण लांब मुक्कामाचा पाहुणा बरा.

जावई म्हणाले, "म्हणजे किरकोळ रजेसारखेच की!" उपमा मला इतकी आवडली की, वर्गात मी ती स्वतःची म्हणून वापरतो. आमच्या कॉलेजातले काही प्राध्यापक किरकोळ रजा जानेवारीतच उधळतात; काही कृपणासारखी जपतात, आणि 31 डिसेंबरला ती बुडाली की हळहळतात. म्हणून मी सुचविले: वर्षारंभी खर्च वजा जाता 115 पौंडांखाली रात्र द्यावयाची नाही, उरलेले दिवस कमी होतील तसतसा आकडा उतरवीत न्यावा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला. सांगलीकडचे एक वृद्ध जोडपे मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला येत होते. रुग्णालय तिच्या घरापासून पायी जाण्याजोगे. अकरा रात्री हव्या होत्या, आणि 75 पौंडांहून अधिक देण्याची ऐपत नव्हती. मी कागद घेतला. अकरा रात्रींचे 825, साफसफाई वजा जाता 765, रात्रीस सत्तरही नाहीत. "गणितात बसत नाही," मी म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. "बाबा, त्या मराठीत बोलत होत्या हो." मी तिला भावना व हिशेब यांची गल्लत न करण्याविषयी जे सांगितले, ते येथे लिहीत नाही. तिने नकार कळविला. बाईंचे उत्तर एका ओळीचे आले: दुसरीकडे बघतो, तसदीबद्दल क्षमा असावी.

जुलै चांगला गेला. माझा आकडा खरा ठरला. ऑगस्टही बरा. सप्टेंबरात मात्र छपराला गळती लागून तीन आठवडे घर बंद ठेवावे लागले, आणि नाताळात ज्या पाहुण्यांवर माझी सारी भिस्त होती, त्यांनी आयत्या वेळी बेत रद्द केला. 31 डिसेंबर 2024 च्या रात्री मुलीने हिशेबाचा तक्ता पाठविला. शहात्तर रात्री गेल्या होत्या, चौदा बुडाल्या. चौदांतून अकरा वजा करण्यास मला कागद लागला नाही.

जानेवारीत नव्या वर्षाचा तक्ता आला. मुलीने त्यात बारा रात्री वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. दराच्या रकान्यात आकडा नाही. रुग्णालयाचे नाव आहे. ही बाब माझ्या सूत्रात कोठे घालावयाची, हे तिने मला विचारलेले नाही.