दिल चाहता है... पण सुट्टी मिळत नाही!

प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये 'गोवा प्लॅन' नावाचा एक ग्रुप असतो. तुमच्याही आहे, खोटं बोलू नका! पहिले दोन दिवस मेसेजचा नुसता पाऊस. कुणी हॉटेलच्या लिंका टाकतं, कुणी 'बॉसला विचारून सांगतो' म्हणतं, कुणी फक्त डान्स करणाऱ्या माकडाचं स्टिकर टाकतं. आणि मग... शांतता. सहा महिन्यांनी त्याच ग्रुपवर 'हॅपी दिवाळी' येतं. खेळ खलास.

या सगळ्या भानगडीचं मूळ म्हणजे एक सिनेमा. 'दिल चाहता है' ऑगस्ट २००१मध्ये आला. फरहान अख्तरचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. मी तेव्हा बालवाडीत डबा सांडत होते. तरीही माझ्या पिढीच्या मेंदूत त्या पिक्चरने एक इन्स्टॉलेशन करून ठेवलंय : मैत्री म्हणजे तीन जण, तीन जण म्हणजे गोवा आणि गोवा म्हणजे किल्ल्याच्या तटावर समुद्राकडे तोंड करून बसणं. न गेल्यास मैत्री बाद!

तर, चार वर्षांच्या 'बघू रे' नंतर आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी, आमचा आयटीवाला आणि आमची बँकवाली. कारण एकच. बँकवाली पुढच्या महिन्यात बाडबिस्तरा गुंडाळून टोरंटोला चालली आहे. तिच्या हातात मोजून नऊ दिवस सुट्टी होती, त्यात पॅकिंग होतं, नातेवाईक होते, डेंटिस्टही होता. त्यातले दोन दिवस तिने आम्हाला दिले. त्यामुळे या वेळी 'पुढच्या महिन्यात जाऊ' हा पर्यायच नव्हता.

म्हापसा की मापुसा?

पुण्याहून रात्रीची स्लीपर बस. इथे माझी पहिली तक्रार नोंदवून घ्या. इयरफोन नावाची वस्तू लोकांनी सोडून दिली आहे का? वरच्या बर्थवर एक साहेब रात्री दीडपर्यंत रील बघत होते. प्रत्येक रील पंधरा सेकंदांचं, आणि प्रत्येकात तेच खदाखदा हसणं. घाट कधी लागला ते कळलं नाही, पण त्या हसण्याचा क्रम मला पाठ झाला.

दुसरी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल आहे. नकाशात रोमन अक्षरं दिसतात म्हणून आपण मराठी माणसं म्हापशाला 'मापुसा' म्हणतो, शिवोलीला 'सिओलिम', हणजुणेला 'अंजुना' आणि मोरजीला 'मोरजिम'. अहो, ही नावं आपल्या तोंडात बसणारी आहेत! 'चापोरा' हाही त्यातलाच प्रकार. पोर्तुगीज स्पेलिंगमधल्या 'सीएच'चा उच्चार 'श' होतो. गावकरी म्हणतात शापोरा. विजापूरच्या आदिलशहाच्या काळातलं शहापुरा, त्याचं शापोरा झालं, असं सांगतात. आणि किल्ल्याखाली समुद्राला मिळणारी शापोरा नदी म्हणजे परकं कुणी नाही. वर आपल्या दोडामार्गात तिलाच तिळारी म्हणतात.

पण पायथ्याशी लिंबू सोडा विकणाऱ्या मावशींचं दुःख वेगळंच होतं. "शापोरा नको आणि चापोराही नको," त्या म्हणाल्या. "सगळे विचारतात, 'दिल चाहता है' खंय? किल्ल्याचं नाव कोण घेत नाय गो बाय."

रांगेचा फायदा सर्वांना

वागातोरच्या बाजूने चढलं तर दहा-पंधरा मिनिटांत माथा. पण वाट जांभ्या दगडाची, सुट्या खड्यांची आणि चांगली उभी. पांढरे कोरे स्नीकर्स घालून आलेल्यांची इथे फजिती होते. वर पोहोचलात की आधी चकितच व्हायला होतं, कारण आत काहीच नाही! लांबच लांब तट, टोकाला पोर्तुगीज धाटणीचे गोल बुरूज, काही जुनी थडगी, गवत आणि ऊन. एकेकाळी आत चर्च होतं, आता त्याचा मागमूस नाही. उत्तरेला नदीचं मुख, पलीकडे मोरजीचा किनारा, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. खाली शापोऱ्याच्या जेटीवर रंगीत होड्या. दक्षिणेला वागातोर. एवढा सगळा नजारा चहूबाजूंनी मांडलेला असताना शंभरेक माणसं एकाच ठिकाणी उभी होती. रांगेत.

हो, रांग! तटाच्या 'त्या' भागासमोर. तीन-तीनचे गट. पाठमोरं बसायचं, मधल्याने दोघांच्या खांद्यावर हात टाकायचे, मागून चौथा शूट करणार, 'झालं, उठा, नेक्स्ट'. बँकेत टोकन घेतल्यासारखं काम. एक प्री-वेडिंग जोडपं आलं तेव्हा रांगेत चक्क भांडण झालं, कारण नवरीचा लांबलचक गाऊन पुढच्या तीन गटांच्या फ्रेममध्ये येत होता. तटावर बसायला मिळायचं ते चाळीस सेकंद. तेवढ्यात समुद्र बघायला वेळ कुणाला? शिवाय समुद्र फोटोत येतोच की.

गंमत बघा. २०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, तेव्हा आपण थिएटरात रडलो, स्टेटस ठेवले, डीपी बदलले. आणि ज्या बार्देशात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा १६८३च्या डिसेंबरात घुसल्या, ज्या मोहिमेत हा शापोरा त्यांच्या हाती आला, तिथे उभं राहून आपण म्हणतो, 'अरे, आमिर इथे बसला होता!' मुघल शहजाद्याची फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना माघारी फिरावं लागलं, नाहीतर गोव्याचा इतिहास वेगळा असता. आज दिसतो तो किल्ला पोर्तुगिजांनी १७१७मध्ये नव्याने बांधला. १७३९मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे गेला आणि १७४१मध्ये परत पोर्तुगिजांकडे. पुढे नदीपलीकडचं पेडणेही पोर्तुगिजांनी घेतलं, सरहद्द वर सरकली आणि किल्ल्याला कामच उरलं नाही. ओसाड पडला बिचारा. मग एका हिंदी पिक्चरने त्याला पुन्हा नोकरी लावली. फोटोच्या बॅकड्रॉपची!

हे फक्त शापोऱ्याचं नाही. '३ इडियट्स' २००९मध्ये आला आणि लडाखमधल्या पँगाँगच्या काठावर पिक्चरमधल्या रंगीत खुर्च्या आणि पिवळी स्कूटर मांडून ठेवली गेली, पर्यटकांच्या फोटोसाठी. 'डिअर जिंदगी' २०१६मध्ये आला आणि म्हापशाजवळच्या पर्रा गावातला साधासुधा माडांचा रस्ता स्टार झाला. इतका, की तिथल्या पंचायतीने फोटो आणि व्हिडिओवर शुल्क लावल्याची बातमी देशभर गाजली. लोक चिडले. मला मात्र पंचायतीचं म्हणणं पटतं. तुमच्या सोसायटीच्या गेटवर रोज पन्नास माणसं रस्त्यात आडवी पडून फोटो काढायला लागली तर सेक्रेटरी काय करतील?

सीन नेमका काय होता?

आमचा नंबर आला. बसलो. आणि तेवढ्यात आयटीवाल्याचा फोन वाजला. क्लायंट कॉल. पठ्ठ्या गोव्याला सुट्टीवर नव्हे, 'वर्क फ्रॉम होम'वर आला होता. होम म्हणजे कुठलं हे कुणी विचारलं नव्हतं. तटावर तिघं बसलेलो, त्यातला एक म्यूटवर. मागच्या गटातला मुलगा ओरडला, "दादा, फोन खाली घ्या ना, फ्रेम बिघडतेय!"

आम्ही मुकाट उठून बुरुजाच्या पलीकडे गेलो. तिथे कुणीच नव्हतं. सिनेमात न दिसलेला तट असला की तिथे गर्दी होत नाही, हा शोध फुकट देतेय, ठेवून घ्या.

सूर्य गेला आणि दहा मिनिटांत किल्ला रिकामा व्हायला लागला. कॉल संपला. बँकवाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या सीनमध्ये ते तिघं बोलतात काय, आठवतंय?"

कुणालाच धड आठवेना. पाठमोरे तिघं दिसतात, समुद्र दिसतो, पुढचं सगळं पुसलेलं. शेवटी तिनेच सांगितलं. एक जण म्हणतो, दरवर्षी गोव्याला यायचं. त्यावर त्यांच्यातला शांत, चित्रं काढणारा सिद्धार्थ म्हणतो, की कुणाच्या वाटा कुठे जातील कुणास ठाऊक. वर्षातून एकदा सोडा, कदाचित दहा वर्षांतून एकदा भेटणंही अवघड होईल.

मी गारच! म्हणजे पंचवीसेक वर्षं लोक ज्या फोटोची नक्कल करताहेत, तो मैत्रीच्या जल्लोषाचा सीन नाहीच. आपण एकमेकांना हरवून बसू ही भीती आहे ती. आणि ते तिघं तिथे काय करत होते? काहीही नाही. नुसते बसले होते. हातात काही नाही, कुठे जायची घाई नाही. त्या पिक्चरने आपल्याला गोवा विकला असं आपण समजतो. पण ज्याचा हेवा वाटावा असा माल वेगळाच होता : रिकामा वेळ. तो सोडून बाकी सगळं आपण विकत घेतलं. फ्लाइट, गॉगल, तीनशे रुपयांची कॉफी, सगळं!

"दहा वर्षं वगैरे नाटकं नकोत," आयटीवाला म्हणाला. "फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. बोल."

"टोरंटोहून? तिकीट बघितलंयस का?"

"मग व्हिडिओवर. पण कॅमेरा ऑन."

आणि त्याने काय करावं? ऑफिसच्याच कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकली. विषय : काही नाही. कालावधी : दोन तास. रिपीट : दरवर्षी. बँकवालीच्या फोनवर टुंग वाजलं. तिने लगेच 'अॅक्सेप्ट' केलं आणि मग उगाचच डोळ्यांत धूळ गेली म्हणाली. वाराही होता म्हणा.

फोटो? अंधारात काय येणार? खाली उतरताना आयटीवाल्याने टॉर्च धरला होता, बँकवालीने माझा हात. सुट्या खड्यांवरून घसरत, एकमेकांवर खेकसत उतरलो. मावशी दुकान आवरत होत्या. त्यांनी उरलेल्या तीन लिंबांचा सोडा करून दिला आणि पैसे दोघांचेच घेतले.

जाणार असाल तर...

म्हापशापर्यंत बस मिळते, तिथून वागातोर दहा किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात जांभा निसरडा होतो, तेव्हा ग्रिपवाले बूट घाला आणि तटाच्या कडेवर स्टंट करू नका. वर सावली जवळपास नाही, पाणी सोबत न्या आणि रिकामी बाटली परत आणा. सकाळी लवकर गेलात तर रांग नाही, ऊन कोवळं, आणि खाली जेटीवरची लगबगही दिसते. वर गेल्यावर एकदा उत्तरेच्या तटावरून नदीचं मुख बघा, तिळारीला हॅलो म्हणा. मावशींना विचारताना 'शापोरा' विचारा, खूश होतील.

आणि क्लायंटला सांगा, रेंज नाही. रेंज असते. तरी सांगा.