न रुतणारी गाडी

गाडी चिखलात रुतली की आपण काय करतो? आधी माणसं खाली उतरवतो, मग चाकाखाली फळी सरकवतो. म्हणजे वजन कमी करायचं, नाहीतर ते जास्त जागेवर पसरायचं. बस्स, फिजिक्स एवढंच! स्वीडनच्या हेग्लुंड्स कंपनीने या दोन्ही युक्त्या एकाच गाडीत बसवल्या. तिचं नाव बीव्ही २०६. १९८० च्या सुमारास ती स्वीडिश सैन्यात दाखल झाली.

एकामागे एक दोन डबे, खाली चार रुंद रबरी पट्टे, आणि चारही पट्ट्यांना इंजिनाची ताकद. बॉडी फायबरग्लासची. रिकामी गाडी साधारण साडेचार टनांची, ड्रायव्हर धरून १७ माणसं बसतात. तरी जमिनीवर पडणारा दाब चालत्या माणसाच्या पावलापेक्षा कमी.

मला सगळ्यात आवडलं ते तिचं वळणं. रणगाडा एका बाजूचा पट्टा हळू करून वळतो आणि खालची जमीन उकरतो. ही मात्र दोन डब्यांमधल्या सांध्यात हायड्रॉलिकने वाकते, चारही पट्टे ओढतच राहतात. शिवाय पाण्यात तरंगते, ते वेगळंच.

पण मंडळी, हलकेपणा हाच हिचा जीव, म्हणून चिलखत नाही. पुढे त्याच घराण्यातली चिलखती गाडी आली, ब्रिटिश रॉयल मरीन्सची 'वायकिंग'. २००६ मध्ये ती अफगाणिस्तानात हेल्मंडला गेली. तिथे प्रश्न रुतण्याचा नव्हता, वाटेत पुरलेल्या बॉम्बचा होता. १ जुलै २००९ ला अशाच एका स्फोटात वायकिंगमध्ये बसलेले लेफ्टनंट कर्नल रुपर्ट थॉर्नलो आणि एक तरुण सैनिक ठार झाले. २०१० पासून तिच्या जागी सिंगापूरची जास्त जड, जास्त चिलखती 'वॉरथॉग' आली.

मग वायकिंग फेल गेली का? नाही. २०१२ मध्ये ब्रिटनने ९९ वायकिंग नव्याने दुरुस्त करायचं ठरवलं, आणि पुढे वॉरथॉगच सेवेतून काढली. नॉर्वेच्या बर्फात हलकी गाडीच लागते ना!

आपल्या प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट बदलली तर फार तर एक वीकएंड जातो. इथे माणसं जातात.

२०२५ मध्ये भारतीय सैन्यासाठीही याच घराण्यातल्या 'सिंधू'चा करार झाला. तिचा वेग, वजन वगैरे आपण कौतुकाने वाचूच. पण पहिला प्रश्न हा विचारावा: हिला कुठल्या जमिनीवर पाठवणार, आणि तिथे खरी भीती कशाची आहे?